वडखारचे चाळीस अंगठे

१

कुलूप शाबूत होतं, कपाट बंद होतं आणि आत वही नव्हती.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला सुजितने कपाट उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. मिठागर कामगार मंडळाच्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात तो सहा वर्षं कारकून होता, आणि सहा वर्षांत त्याची बडबड थांबलेली कुणी ऐकली नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला, "जरा इकडे या."

कल्पिता उठली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत तिने हे काम घेतलं होतं. मंडळाचे अध्यक्ष नामाभाऊ गावंड यांच्या पासष्टीला गौरवग्रंथ निघायचा होता आणि त्यातलं त्यांच्या कारकिर्दीवरचं प्रकरण तिला लिहायचं होतं. वडखारच्या मिठागरात मजूर, मग युनियनचा पुढारी, मग सरपंच, मग एक वेळ आमदार. दुसऱ्या निवडणुकीत सहाशे बारा मतांनी हरले आणि काही वर्षांनी सरकारने त्यांना या मंडळावर नेमलं. दोन महिन्यांत तिने चार वह्या भरल्या होत्या, पण माणूस काही हाती लागत नव्हता. नामाभाऊ तारखा सांगत, ठराव सांगत. मनातलं विचारलं की म्हणत, "चहा घेणार का?"

कपाटाच्या खणात हजेरीच्या दोन वह्या असायच्या. एकाच मापाच्या, एकाच तपकिरी पुठ्ठ्याच्या, दोन्ही लाल फडक्यात बांधलेल्या. एक पुरुषांची, एक बायकांची. सन १९८६-८७चा हंगाम. पुरुषांची वही जागच्या जागी होती. बायकांच्या वहीचं फक्त फडकं उरलं होतं, नीट चौघडी केलेलं.

"गुरुवारी सुनावणी आहे," सुजित म्हणाला. "अकरा वाजता. मूळ वही हजर करा, असा हुकूम आहे."

त्याचा अर्थ कल्पिताला ठाऊक होता. वडखारचं मिठागर बुजून तिथे कंटेनर ठेवायचं आवार झालं, तरी जुन्या कामगारांची अडतीस घरं अजून बांधावर उभी होती. आवाराच्या कंपनीला ती नको होती. ही माणसं इथे कामाला होती याचा पुरावा म्हणजे या दोन वह्या. पुरुष तेव्हा बहुतेक होड्यांवर नाहीतर गोदीत असायचे, मिठागर बायकांनीच चालवलं होतं. पुरुषांच्या वहीवर अकरा घरं तगली असती. उरलेल्या सत्तावीस घरांचा जीव त्या हरवलेल्या वहीत होता.

दारात चपला वाजल्या. नामाभाऊ आले होते. त्यांनी रिकाम्या खणाकडे पाहिलं, मग त्या फडक्याकडे.

"शोधा," एवढंच म्हणून ते आत गेले.

२

"माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर लवकर घ्या," सुजित म्हणाला. "एक वाजता मला डबा खायचाय."

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्या ड्रॉवरमध्ये, एक भाऊंकडे. माझा ड्रॉवर कधी बंद नसतो, हेही लिहून घ्या."

"सोमवारी कोण कोण आलं होतं?"

"कंपनीचा तो निकेत. हुकमाची प्रत द्यायला. पंधरा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसला, मी समोरच होतो. भाऊ आत होते. मी साडेपाचला निघालो, भाऊ नंतर."

कल्पिताने जरा अडखळत विचारलं, "तुझा मेव्हणा त्याच कंपनीत आहे ना?"

सुजितचे कान लाल झाले. "फोर्कलिफ्ट चालवतो. मग? तुमचे बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर कोणासाठी चालवतात? त्याच आवारात खाली करतात ना?"

कल्पिताने तेही लिहून घेतलं. तिचा जन्म झाला तेव्हा मिठागरावर भराव पडून गेला होता. मीठ पिकताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण कशी येते हे तिला कळत नसे, पण येत असे.

निकेत तिला आवाराच्या फाटकाशी भेटला. गॉगल केसांत, हातात दोन फोन.

"मॅडम, देखो," तो म्हणाला, "ओरिजिनल वही पायजे असा अर्ज कोणी टाकला? आमच्याच कंपनीने ना? अंगठे पुण्याच्या लॅबला पाठवा, असं आमच्या वकिलाने सांगितलं. मग मीच ती कशाला उचलू?"

"वही नसली तर तुम्ही जिंकता."

"आणि असली तरी टेन्शन नाय. लॅबमध्ये काय तरी निघेलच. चाळीस वर्षांपूर्वीचा हजेरी लिहिणारा दिवाणजी काय सरळ माणूस होता काय?" तो हसला. "आपलं दोन्हीकडून चालतंय. टेन्शन तुमच्या साहेबाला आहे. मी प्रत दिली तेव्हा त्याचा चेहरा बघायला पायजे होता. लॅबचं नाव वाचलं आणि एकदम पांढरा फटक."

कल्पिता परत निघाली ती चालतच. निकेतने चोरी केली असती तर त्याने दोन्ही वह्या नेल्या असत्या. सुजितने कंपनीसाठी केली असती तरी तेच. अकरा घरांचा पुरावा मागे ठेवण्यात कंपनीचा काय फायदा? म्हणजे चोराला खटला बुडवायचा नव्हता. त्याला फक्त ती एक वही प्रयोगशाळेत जाऊ द्यायची नव्हती.

पण असं काय होतं त्या वहीत?

तिच्याकडे उत्तराचा एक तुकडा होता आणि तो तिने कुणालाच दाखवला नव्हता. गौरवग्रंथात छापायला नामाभाऊ नेहमी पुरुषांची वही उघडत, स्वतःच्या सहीचं पान. महिन्याभरापूर्वी ते फोनवर बोलत असताना तिने दुसरी वही उघडली आणि मार्च १९८७च्या दोन पानांचे फोटो काढून ठेवले. केवळ कुतूहल म्हणून. भाऊंनी फोन ठेवल्यावर ती वही तिच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली होती.

३

फोटोतल्या नावांपैकी एक, ठमीआजी, बांधावरच्या तिसऱ्या घरात राहायची. मागे आवाराची भिंत, भिंतीवरून डोकावणारे निळे-तांबडे कंटेनर, पुढे खाडी.

"तू कोनाची गो?"

"विनेश घरतांची. ट्रेलरवाल्या."

"म्हंजे धर्माची नात!" म्हातारीने तिला हाताला धरून खाली बसवलं. तो हात नव्हता, वाळलेलं खोड होतं. "तुजा आजा माज्या बाजूच्या कोंडीत मीठ वढाचा. वढता वढता गानी बोलाचा आनि आमाला हसवाचा. मुकादम वराडाचा. तू तशी न्हाय वाटत. तू तर मास्तरनीवानी बसलीस."

कल्पिता हसली. मग तिने वही गेल्याचं सांगितलं. म्हातारीचं तोंड हळूहळू मिटत गेलं.

"माजं घर त्या वहीत हाय," ती म्हणाली. "माजा नवरा तवा होडीवं व्हता, त्याचं नाव कंच्याच वहीत न्हाय. माना इथून हालवलं तर मी जानार कुटं? इथं निदान वारा आला की मिठाचा वास येतो. लोक बोलतात, न्हाय येत. माना येतो."

आत सूनबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आजीला इथून हलवायचं नावच काढू नका, ताई. रेशनवर मशीन यांचा अंगठा घेत नाही, चार-चार वेळा पुसायला लावतात. शेवटी मीच माझा लावते. घर कसं सांभाळून देणार हे लोक?"

कल्पिताने मान वर केली. "आजी, अंगठा दाखवता?"

मिठाने आणि वयाने त्या अंगठ्याची कातडी गुळगुळीत, काचेसारखी झाली होती. एकही रेष नव्हती.

"हा असा कधीपासून?"

"मिठात हात गेल्यापास्नं. पयल्या दोन हंगामांत जातं सगलं. आमा सगल्या बायांचे असेच."

कल्पिताने फोनवरचा फोटो मोठा केला. ठमी धाया कडू, आणि नावापुढे निळ्या शाईचा अंगठा. एकेक रेष मोजून घ्यावी इतका स्वच्छ.

म्हातारीने डोळे बारीक केले आणि ती खुदकन हसली. "ह्यो माजा? माज्या अंगठ्यावं रेघा कवा व्हत्या गो?"

आणि तिथेच ती थांबली. आत तांदळाचा आवाजही थांबला होता.

"तुमचा नाही, मग कोणाचा?"

ठमीआजी खाडीकडे बघत राहिली.

"नामाला इचार," ती म्हणाली.

४

कल्पिता नामाभाऊंकडे गेली नाही. ती बांधाच्या टोकाला एका उलट्या होडीवर बसली आणि फोटोतले अंगठे एकेक करून मोठे करत गेली.

दोन पानांवर चाळीस नावं होती, प्रत्येकीपुढे महिन्याच्या हजेरीच्या खुणा आणि शेवटी अंगठा, असे चाळीस अंगठे. पहिल्यावर डाव्या बाजूने वर जाणारी एक तिरकी पांढरी रेघ होती, जुन्या कापल्याची. दुसऱ्यावर तीच. नवव्यावर तीच. सतराव्यावर शाई जास्त लागली होती, तरी ती रेघ होतीच. चाळीस बायकांना विळा एकाच जागी, एकाच कोनात लागत नाही.

चाळीस अंगठे एकाच बाईचे होते.

प्रयोगशाळेने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. मग वही बनावट ठरली असती, बायका खोट्या ठरल्या असत्या आणि त्यांच्यासोबत पुरुषांची वहीही बुडाली असती.

ती तशीच मागे फिरली. "आजी, रागावू नका. एकीनेच सगळ्यांचे अंगठे लावले ना? मला कारण सांगा. कारण असल्याशिवाय कोणी असं करत नाही."

म्हातारीने तिला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं. मग तिने सांगितलं. कामगार खात्याचा साहेब तपासणीला आला होता, हजेरीत नुसते डाग दिसतात म्हणून दिवाणजीवर खेकसला. दुसऱ्या दिवशी दिवाणजी म्हणाला, महिनाअखेरीला अंगठा उठला नाही तर महिन्याचे दिवस धरणार नाही. बायांनी दगडावर अंगठे घासले, तेल लावलं. उठले नाहीत. तेव्हा त्यांच्यात एक नवी नवरी होती. रेवसकडची, वाल-भात पिकवणाऱ्या घरची. मिठात तिचा हात अजून गेला नव्हता.

"तिला आमी मिठात हात घालूच दिला न्हाय," ठमीआजी म्हणाली. "तीन हंगाम. ती पानी भराची, भाकऱ्या कराची, आनि म्हैना भरला की सांजंला आमच्या समद्यांचा अंगठा लावाची. आमी तिचा अंगठा जपला, डोल्यांतल्या बुबुलावानी. त्यात खोटं काय? कामाला आमी व्हतोच ना?"

"कोण होती ती?"

"नीरा. नामाची बायको."

हे ज्याला ठाऊक होतं आणि ज्याच्याकडे चावी होती, असा माणूस एकच होता.

५

बुधवारी दुपारी चार वाजता नामाभाऊ तिला सापडले. आवाराच्या भिंतीपलीकडे जुन्या मिठागराची, मीठ पिकवायची एक शेवटची कोंडी बुजायची राहिली होती. तिच्या काठावर ते बसले होते, शेजारी नायलॉनची पिशवी. कल्पिताला बघून ते दचकले नाहीत.

"ये. जपून, चिखल हाय." भाषणांतली भाषा त्यांनी घरी ठेवली होती.

"फडक्याची घडी घालायला नको होती, भाऊ," ती म्हणाली. "चोर घडी घालत नाही."

"सवय हाय." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "तुला वाटत असंल, म्हातारा खुर्चीला भ्याला. पासष्टीचा ग्रंथ निघायचा आणि त्यात हे."

"आधी वाटलं होतं."

"खुर्चीचं काय हाय गो. अध्यक्ष झालो तवा पयला ठराव काय केला ठाव हाय? मिठागरातल्या बायांना गमबूट. मंजूर व्हायला चार वर्सं लागली. बूट आले तवा मिठागर न्हवतं. अजून गोदामात पडलेत, खोकी फोडलेली न्हाय." ते हसले, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. "आमदार असताना भिंतभर फोटो व्हते माझे. मंत्र्यांबरोबर, हार घातलेले. तिचा एक न्हाय. लग्नात फोटोवाला आला न्हवता, आणि मग तीन वर्सांत ती गेली. बाळंतपणात. ओहोटी व्हती, होडी गाळात रुतली, दवाखान्याला नेता आली न्हाय. वीस-एकवीस वर्सांची."

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि एक पान उघडलं. अंगठ्याला हात लावला नाही, नुसता वर धरला.

"विधानसभेत ही वही उंच धरून बोलायचो. लोकांना वाटायचं, पुरावा दाखवतोय. मी तिला दाखवत व्हतो. बघा म्हनून. घरी येऊन पुन्ना फडक्यात बांधाचो." ते थांबले. "उद्या ही वही पुण्याला गेली की तिथला साहेब लिहील, एका बाईने चाळीस जणींचे खोटे अंगठे लावले. सरकारात तिची नोंद एवढीच ऱ्हाईल. खोटारडी म्हनून."

"आणि सत्तावीस घरं?"

"पुरुषांची वही हाय. बाकीच्यांचं तोंडी सांगू."

"नुसतं तोंडी चालत नाही. हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

मग कल्पिताने आपली वही उघडली. काल सबंध संध्याकाळ तिने आकडेमोड केली होती.

"दर पानाच्या तळाशी दिवाणजीने काही तारखांपुढे 'पाणी' असं लिहिलंय. मार्चमध्ये पंधरा, सोळा, सतरा. मग एकोणतीस, तीस, एकतीस. समुद्राचं पाणी आत घेतल्याच्या तारखा ना?"

"उधाणाला बांधातली उघाडी उघडायची. तवाच पाणी आगरात चढतं, समदे हात लागतात."

"मी त्या महिन्याचा चंद्र काढला. पंधराला पौर्णिमा होती, एकोणतीसला अमावस्या. त्या सहाही दिवशी चाळीसच्या चाळीस बायका हजर आहेत. मधल्या अष्टमीला, उधाण नसताना, फक्त चौदा. कचेरीत बसून खोटी हजेरी भरणारा माणूस रोज चाळीस लिहितो, भाऊ. समुद्राच्या हिशेबाने माणसं कमीजास्त करत नाही. अंगठा एकीचा असेल. दिवस खरे आहेत."

नामाभाऊंनी हजेरीची वही जवळ घेतली, डोळ्यांपासून लांब धरून तळाची ओळ वाचली.

"पंधराला शिमग्याची होळी व्हती," ते हळूच म्हणाले. "आमी सगले पुरुष झिंगलेले. उघाडी बायांनीच उघडली. उघाडीची फळी वर ओढताना नीराचा अंगठा तीत सापडला, तवा समद्या घाबरल्या. म्हैना भरल्यावर त्यो उठंल का न्हाय म्हनून."

"उठला. तो इथे आहे." कल्पिताचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तिच्याबद्दल काय लिहिलं जाईल ते उद्या तुम्ही काय सांगता यावर आहे. वही नसली तर काहीच सांगता येणार नाही. आणि उद्या सकाळपर्यंत तुम्ही ती दिली नाहीत, तर मला जे माहीत आहे ते मी सांगेन."

"सांगशील?"

"हो." तिने आपली वही मिटली. "ठमीआजींना जायला दुसरी जागा नाही."

ते उठले, वही पिशवीत घातली, पिशवी काखेत मारली आणि मागे न बघता बांधावरून चालू लागले.

६

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी होती, आणि नामाभाऊंची खुर्ची रिकामी होती.

अलिबागच्या त्या खोलीत पंखा फिरत होता. लवाद म्हणून बसलेल्या बाई कागद चाळत होत्या. निकेत वकिलाच्या कानाशी लागला होता. बाहेर व्हरांड्यात वडखारच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कल्पिताने फोन मुठीत धरला होता.

दार उघडलं. नायलॉनची पिशवी आधी दिसली.

"वही आमच्याकडे आहे," नामाभाऊ म्हणाले. भाषणाची भाषा परत आली होती, पण आवाज सैल होता. "सोमवारी ती मीच कपाटातून काढली. म्हणून अध्यक्षपदाचा राजीनामा आज सकाळी पाठवलाय. आता ऐका. या वहीतले चाळीस अंगठे चाळीस जणींचे नाहीत. ते एकीचे आहेत. माझ्या बायकोचे."

वकील उभाच राहिला. "म्हणजे वही खोटी हे मान्य आहे!"

"मिठाने बायांचे अंगठे खाल्ले होते. सरकारला स्वच्छ अंगठा पाहिजे होता. सरकारला जे पाहिजे होतं ते तिने दिलं. खोटं असेल तर ते मागण्यात होतं."

लवादबाईंनी हाताने वकिलाला खाली बसवलं. कल्पिताला बोलावलं. तिने तारखा मांडल्या, उधाणं मांडली, चाळीस आणि चौदा सांगितलं. बाईंनी पानं उलटून दुसरा महिना काढला, मग तिसरा, आणि पेन्सिलीने स्वतः पडताळून पाहिलं.

"अंगठ्यांवर मला विसंबता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण वही बनावट आहे असंही म्हणता येत नाही. मग नावांवर जाऊ. वही तपासणीला जाईल. त्याआधी आज, इथे, या वहीतली नावं पुकारा. जी आहे तिचा जबाब घ्या. जी गेली असेल तिच्या घरच्यांनी मयत सांगावं. तपास पुरा होईपर्यंत बांधावरचं एकही घर हलणार नाही."

निकेतने गॉगल खिशात ठेवला.

कारकुनाने वही समोर ओढली. बायका दारात गोळा झाल्या.

"ठमी धाया कडू."

"हाय, हाय. इथंच हाय मी."

"हजर म्हणा, आजी."

"हजर!" मागे कुणीतरी हसलं.

"सोनूबाई पदू मोकल."

"मयत," एका सुनेने सांगितलं.

"गोदूबाई हिरा केणी."

"हजर."

नावं पुढे सरकत राहिली. मयत, मयत, हजर, मयत. एकोणचाळीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळची हजेरी त्या पंख्याखाली पुन्हा भरत होती, आणि मरून गेलेल्यांची नावं पुकारली की दारातल्या बायका एकमेकींना कोपराने खुणावत, ती होती ना, उंच, ती. कल्पिता आपल्या वहीत प्रत्येक नावाला खूण करत होती. तेहेतीस. चौतीस.

"नीरा नामा गावंड."

कारकून पेन टेकवून थांबला, लिहायचा शब्द त्याला आधीच माहीत होता.

नामाभाऊ उठले. खुर्चीच्या पाठीला धरून, सावकाश, सभागृहात उभं राहावं तसे सरळ झाले.

"हजर," ते म्हणाले.

कारकुनाने गोंधळून लवादबाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पुढचं नाव घ्या."